ऐरोलीची ऑफर, लोट्यातली नोकरी आणि फायनान्समधले पगार

प्रश्न थोडक्यात असा: ‘चिपळूणला राहतो. बी.कॉम. झालं, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप क्लिअर आहेत; पण घरच्या अडचणीमुळे आर्टिकलशिप (सीएच्या फर्ममधली सक्तीची उमेदवारी) केली नाही आणि लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला लागलो. दोन वर्षं झाली, हातात २७ हजार पडतात. आता नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका परदेशी बँकेच्या सेंटरची वर्षाला ६ लाख ६० हजारांची ऑफर आली आहे. जाऊ का? आणि कॉर्पोरेट फायनान्समध्ये पुढे नोकऱ्यांचं, पगाराचं काय होणार?’

आधी मत सांगते, कारणं मागून. ही ऑफर आहे त्या स्वरूपात घेऊ नका. पण लोट्यात आता जे काम करताय तेच करत बसूनही राहू नका.

मी शृंगारतळीजवळची. पहिली नोकरी महाडच्या एमआयडीसीत, प्लांट अकाउंट्सला. पुढे मुंबईच्या हेड ऑफिसात कॉस्टिंग, बजेट, ट्रेझरी असं करत आता तीन कारखान्यांचं फायनान्स बघते. माणसं घेणं, त्यांचे पगार ठरवणं हे माझ्या रोजच्या कामात येतं, म्हणून पगाराचे जे आकडे खाली देईन ते मी समोर बघितलेले आहेत, पण कंपनीगणिक ते वरखाली होतात हे धरूनच वाचा.

तुम्ही ऑफरसोबतचा तक्ता दिलात ते बरं केलंत. त्यात बेसिक ३ लाख ३० हजार आहे, म्हणजे बरोबर निम्मं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे कंपन्यांनी बेसिक निम्म्यावर आणायला सुरुवात केली. याचा परिणाम पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर होतो. तुमच्या तक्त्यात कंपनीचा पीएफ पूर्ण बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला ३९,६००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १५,८७३. व्हेरिएबल ६०,०००, मेडिक्लेमचा हप्ता १२,०००. हे चारही आकडे ६ लाख ६० हजारांच्या आतले आहेत. ते वजा केले की उरतात ५,३२,५२७ रुपये, महिन्याला ४४,३७७. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,३०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४०,८७७. आयकर लागणार नाही, कारण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट आहे आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. (व्हेरिएबल मिळालं तर वर्षाअखेर मिळेल, तेही तुमच्या आणि कंपनीच्या कामगिरीवर. घरखर्चाच्या हिशोबात ते धरू नका.)

ऐरोली-घणसोलीत तिघांत एक खोली घेतली तरी भाडं, लाइटबिल मिळून नऊ-दहा हजार. डबा आणि नाश्ता सहा-सात हजार. लोकल, रिक्षा, फोन आणि महिन्यातून एकदा गावी येणं-जाणं, चार-पाच हजार. म्हणजे वीस-बावीस हजार जाऊन एकोणीस-वीस हजार शिल्लक. आज राहण्या-जेवणाचे म्हणून घरी दहा हजार देऊन आणि स्वतःचा खर्च भागवून तुमच्याकडे बारा राहतात. फरक सात-आठ हजारांचा. हा फरक कमी आहे असं मी म्हणणार नाही. वर्षाला ऐंशी-नव्वद हजार होतात आणि डोक्यावर कर्ज असलेल्या घरात त्याचं मोल मोठं आहे. फक्त ‘पगार दुप्पट होतोय’ असं समजून निर्णय घेऊ नका. सध्याच्या स्लिपवर पीएफ किती कापला जातोय तेही बघा. १,८०० असेल तर तो १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जातोय, आणि नव्या ठिकाणी पूर्ण बेसिकवर कापला जाणार असल्याने तुमची सक्तीची बचत वाढेल. तो ऑफरच्या बाजूचा मुद्दा आहे.

आता कामाकडे येऊ, कारण पुढच्या दहा वर्षांचा पगार तिथे ठरतो.

ऑफरमध्ये कामाचं नाव ‘रेकॉर्ड टू रिपोर्ट’ आहे. म्हणजे परदेशातल्या एखाद्या शाखेच्या जर्नल एंट्री पोस्ट करणं, ताळेबंदातली खाती जुळवणं, महिनाअखेरचं क्लोजिंग वेळेत संपवणं. अशी सेंटर्स, ज्यांना सगळे जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) म्हणतात, देशात १,७०० च्या वर गेली आहेत आणि २०२४ च्या नॅसकॉमच्या आकड्यांप्रमाणे तिथे १९ लाख माणसं काम करतात. फायनान्सचा त्यात मोठा वाटा आहे. पुणे, हैदराबाद, बंगळूरू, नवी मुंबई इथे गेल्या काही वर्षांत कॉमर्सच्या मुलांना ज्या नोकऱ्या लागल्या, त्यातल्या कितीतरी याच. शिस्त चांगली लागते, सॅप हे हिशोबाचं सॉफ्टवेअर नीट हाताखालून जातं, परदेशी माणसाशी फोनवर मुद्द्याचं बोलता येऊ लागतं. तिथून वर गेलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यातल्या दोघांना स्वतः नोकरीवर घेतलंय.

पण या कामाचा तळचा थर आकसतोय. एंट्री, जुळवणी, बिलं तपासणं हे आधी महाग देशातून स्वस्त देशात आलं. आता ते सॉफ्टवेअरकडे जातंय. आपल्याकडेच बघा. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आलं, त्यामुळे विक्रीचं बिल जन्मतःच सरकारी पोर्टलवर नोंदलं जातं, विक्रेत्याने रिटर्न भरलं की समोरच्याच्या २बी मध्ये (त्याच्या खरेदीच्या जीएसटीच्या तक्त्यात) दिसतं आणि जुळवायला पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत. प्लांटच्या अकाउंट्स खात्यात पूर्वी बिलं हाताळणारी टेबलंच्या टेबलं होती. आता गेटवर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला की बिल स्कॅन होऊन हेड ऑफिसच्या किंवा पुण्याच्या शेअर्ड सर्व्हिसकडे, म्हणजे सगळ्या कारखान्यांची बिलं एकत्र हाताळणाऱ्या केंद्राकडे, जातं. महाड, रोहा, लोटे, सगळीकडे हेच. म्हणून ज्याचं काम फक्त नोंद करणं आहे, त्याचा पगार महागाईइतकाही वाढेनासा झालाय. तुम्हाला दोन वर्षांत जेमतेम वाढ मिळाली असेल तर त्यात तुमची कसूर नाही, कामाचं स्वरूपच तसं आहे. आणि ऐरोलीत तुम्ही त्याच प्रकारच्या कामावर, जास्त पगारावर, चकचकीत इमारतीत जाऊन बसाल.

पैसा आता निर्णयाच्या जवळ बसणाऱ्या माणसाला मिळतो. मागणी कुठे वाढलीय ते सांगते. पहिली जागा एफपी अँड ए, म्हणजे बजेट, अंदाज आणि ‘नफा का घटला’ याचं उत्तर देणं. दुसरी ट्रेझरी: कर्ज, परकीय चलन, रोखीचं नियोजन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा कोळंबी निर्यात करणाऱ्या प्रत्येक कंपनीला एकाच आठवड्यात कळलं की आपल्याकडे रोखीचा तेरा आठवड्यांचा अंदाज काढणारं कुणी आहे का नाही. तिसरी जागा, शेअर बाजारात उतरायची तयारी करणाऱ्या कंपन्या. २०२४ मध्ये मेनबोर्ड आयपीओंनी १ लाख ६० हजार कोटींच्या आसपास रक्कम उभी केली. अशा कंपनीला इंड एएस या लेखा मानकांप्रमाणे हिशोब, तिमाही निकाल, अंतर्गत नियंत्रणांचे पुरावे हे सगळं एकदम लागतं आणि त्यासाठी ती चालू बाजारभावापेक्षा जास्त मोजते. चौथी नवी आहे. युरोपने कार्बनवरचं सीमा शुल्क ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरतं आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केलं. स्टील, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं त्यात आहेत. डोलवीच्या स्टील कारखान्यासारख्या ठिकाणी टनामागे किती कार्बन आणि त्याचे किती पैसे, हा आता फायनान्सचाही प्रश्न झालाय.

माझ्या बघण्यातले वार्षिक पॅकेज असे. सीए इंटर आणि दोन-तीन वर्षांचा प्लांटचा अनुभव: साडेतीन ते पाच लाख. तोच उमेदवार जीसीसीत: पाच ते आठ. नवा सीए प्लांटवर आठ ते दहा, कॉर्पोरेट ऑफिसात किंवा चांगल्या जीसीसीत नऊ ते चौदा. नवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) सहा ते नऊ. पाच-सात वर्षांनी एफपी अँड ए किंवा ट्रेझरीचा मॅनेजर अठरा ते अठ्ठावीस, प्लांटचा फायनान्स हेड वीस ते पस्तीस. सीए इंटरवर थांबलेला माणूस मात्र दहा-बारा वर्षांनीही बहुधा आठ-दहावर अडकलेला दिसतो, लोट्यातही आणि ऐरोलीतही. मला तुमच्यासाठी काळजी वाटते ती या शेवटच्या ओळीची. सीए संस्थेच्या कॅम्पसमधल्या सरासरी पॅकेजचा १२ लाखांच्या वरचा आकडा वर्तमानपत्रात येतो, तो कॅम्पसमधून निवडल्या गेलेल्यांचा असतो. पास झालेल्या सगळ्यांचा नव्हे.

लोट्यातल्या तुमच्या नोकरीकडे तुम्ही नाइलाज म्हणून बघताय, आणि तिथे माझा तुमच्याशी मतभेद आहे. प्लांटवर जे शिकायला मिळतं ते ऐरोलीत कुठल्याही मजल्यावर मिळत नाही.

एक उदाहरण देते. महिनाअखेरीस सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) टाकीचा साठा मोजतात. टाकीत डिप रॉड टाकून पातळी बघायची, तक्त्यावरून लिटर काढायचे, पुस्तकी साठ्याशी जुळवायचं. फरक आला की बहुतेक अकाउंटंट ‘हँडलिंग लॉस’ लिहून मोकळे होतात. पण टोल्युइन किंवा मिथेनॉल तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण एक हजारांश फुगतं. दोन मोजण्यांच्या मध्ये द्रवाच्या तापमानात १० अंशांचा फरक असला तर २० हजार लिटरच्या टाकीत दोनशे लिटर ‘वाढलेले’ किंवा ‘गायब’ दिसतील, आणि प्रत्यक्षात एक थेंबही हललेला नसेल. ज्याला हे माहीत आहे तो डिपसोबत तापमान लिहून घेतो, घनता लावून किलोत हिशोब करतो, आणि मग जो फरक उरतो तो खरा. तो कुठून आला हे शोधायला तो रिॲक्टरपर्यंत जातो, कंडेन्सरला थंड पाणी पुरतंय का विचारतो, सॉल्व्हंट रिकव्हरी किती टक्के आली, म्हणजे वापरलेलं सॉल्व्हंट किती परत मिळालं, ते बॅचकार्डावर बघतो. रिकव्हरीतला एक टक्का म्हणजे वर्षाला किती लाख, हे प्रॉडक्शन मॅनेजरसमोर मांडणाऱ्या माणसाला मी सीएच्या पगाराच्या जवळपास पगार दिलाय.

पुराचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर विम्याचे दावे भरताना कळलं की पॉलिसीतली रक्कम मालाच्या खऱ्या किमतीच्या निम्मी असेल तर ‘ॲव्हरेज क्लॉज’ लागून नुकसानीचाही निम्माच दावा मंजूर होतो. साठ्याची आणि यंत्रांची किंमत दरवर्षी नव्याने काढून विमा वाढवा, असं सांगणं हे फायनान्सचं काम आहे. ते तुमच्या कंपनीत कोण करतं, विचारून बघा. कुणीच करत नसेल तर तुम्ही करा.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: लहान उद्योगाचं बिल वेळेत दिलं नाही तर काय होतं? २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. मुदत किती, तर सगळे ‘पंचेचाळीस दिवस’ म्हणतात. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व तेच.) मग पुढचं विचारते. लेखी करार नसेल तर? पंधरा दिवस. मध्यम उद्योगाला लागू आहे का? नाही, फक्त सूक्ष्म आणि लघु. ट्रेडरला? नाही, उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यालाच. इथपर्यंत पाठांतराने येता येतं. शेवटचा प्रश्न असतो, ‘तुमच्या कंपनीत यावर तुम्ही स्वतः काय केलंत?’ एका उमेदवाराने सांगितलं की त्याने सगळ्या फॅब्रिकेटर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरांची उद्यम प्रमाणपत्रं (लहान उद्योगाच्या नोंदणीची) गोळा केली, ट्रेडर वेगळे काढले, ज्यांच्याशी करार नव्हता त्यांच्याशी करार करून घेतले आणि मार्चअखेरची थकबाकी फेब्रुवारीतच यादी करून साहेबांच्या टेबलावर ठेवली. तो सीए नव्हता. मी त्याला घेतलं.

तर तुम्ही काय करावं?

पहिला रस्ता आर्टिकलशिप. १ जुलै २०२३ पासून ती तीन वर्षांची दोन वर्षं झाली. इंटरचे दोन्ही ग्रुप तुमचे झालेले आहेत, म्हणजे दार उघडं आहे. संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं. अडचण पैशाची. चिपळूण-रत्नागिरीच्या फर्ममध्ये स्टायपेंड काही हजारच मिळतो. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये बरा, पण तिथला राहण्याचा खर्च तो खाऊन टाकतो. घरात दोन वर्षं कुणी भार उचलू शकत असेल, बहीण-भाऊ कमावते असतील, तर घरच्यांसोबत बसून हा विषय मोकळेपणाने काढा. आकडे मांडून बोला. आजच्या २७ हजारांवर दोन वर्षं पाणी सोडणं म्हणजे साडेसहा लाख. पुढे नवा सीए आणि इंटर झालेला यांच्या पगारात वर्षाला चार-पाच लाखांचा फरक असतो, आणि तो वाढत जातो.

ते शक्यच नसेल तर सीएमए. आपल्या भागात याला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कोकणातल्या कारखान्यांना तोच अभ्यास सर्वात जास्त लागू पडतो. केमिकल, प्लास्टिक आणि पॉलिमर, स्टील, खतं, वीज या सगळ्या उद्योगांना ठरावीक उलाढालीनंतर कॉस्ट रेकॉर्ड ठेवणं आणि कॉस्ट ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्यासारख्या केमिकल कंपनीला ३५ कोटींच्या वर रेकॉर्ड, आणि एकूण उलाढाल १०० कोटींच्या व त्या उत्पादनाची ३५ कोटींच्या वर गेली की ऑडिट. लोट्यात, महाडला, रोह्याला हे काम आहेच. ते करायला माणूस मुंबईहून येतो. सीए इंटर झालेल्याला सीएमएच्या फाउंडेशनमधून सूट आहे, परीक्षा जून आणि डिसेंबरला होतात आणि नोकरी सोडावी लागत नाही. दोन-अडीच वर्षं नेटाने केलं तर प्लांटचा अनुभव आणि डिग्री दोन्ही एकाच वेळी हातात येतात, आणि तेव्हा तुम्ही ऐरोलीला नाही, थेट कॉर्पोरेट ऑफिसच्या कॉस्टिंगला किंवा एफपी अँड एला अर्ज कराल.

मात्र दरम्यान लोट्यात काम बदलून घ्या. साहेबांना भेटून सांगा की स्टॉक स्टेटमेंट आणि बँकेच्या ड्रॉइंग पॉवरचं (साठ्यावर किती कर्ज उचलता येईल त्या मर्यादेचं) काम मला द्या, महिन्याच्या व्हेरियन्स रिपोर्टला, म्हणजे बजेट आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाच्या हिशोबाला, बसू द्या. बहुतेक ठिकाणी ही कामं कुणाला नकोच असतात, त्यामुळे मागितली की मिळतात. वर्षभरात मिळाली नाहीत तर कंपनी बदला, पण कारखाना सोडू नका. खेर्डी, गाणे-खडपोली, महाड, जयगड, रत्नागिरीचं मिरजोळे, इतकी ठिकाणं आवाक्यात आहेत. एकाच प्लांटच्या व्हाउचरवर पाच वर्षं गेली की पुढे मुलाखतीला बोलावणंही कमी होतं, हे मात्र ध्यानात असू द्या.

ऐरोलीला जाणं योग्य ठरेल अशी परिस्थितीही आहे. घरावर व्याजाचं कर्ज असेल आणि महिन्याचे सात-आठ हजार आजच हवे असतील तर जा, त्यात कमीपणा काही नाही. पण होकार देण्याआधी एचआरला नव्हे, ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्या मॅनेजरला फोनवर गाठा. शिफ्ट कोणती? युरोपची असेल तर दुपारी दीड ते रात्री साडेदहा, सकाळी अभ्यास होतो. अमेरिकेची असेल तर सीएमएचं नाव विसरावं लागेल. परीक्षेसाठी रजा मिळते का, आणि क्लोजिंगच्या आठवड्यात परीक्षा आली तर? टीममधली माणसं दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या कामावर, विशेषतः एफपी अँड एकडे, गेली आहेत का? गेली असतील तर दोघांची उदाहरणं मागा. व्हेरिएबल मागच्या वर्षी टीमला सरासरी किती टक्के मिळालं? नोकरी वर्षाच्या आत सोडली तर जॉइनिंगचे पैसे परत घेतात का, ते पत्रात शोधा. आणि तुमचा लोट्यातला नोटीस पीरियड दोन महिन्यांचा असेल तर नव्या कंपनीने तो विकत घ्यावा, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेत, असं लेखी मागा. जीसीसीला माणूस लवकर हवा असतो, त्यामुळे बरेचदा देतात.

या प्रश्नांची उत्तरं सरळ आली, शिफ्ट दिवसाची निघाली आणि दोन खरी उदाहरणं मिळाली, तर माझं सुरुवातीचं मत मी बदलेन. तेव्हा ऑफर घ्या आणि सीएमएची नोंदणी जॉइन होण्याआधी करून टाका, कारण नोंदणीची शेवटची तारीख परीक्षेच्या कितीतरी महिने आधी असते आणि नव्या नोकरीच्या पहिल्या तिमाहीत ती हमखास निसटते.